लाकूड खाणारा मासा

मासे पाळण्याविषयीच्या पुस्तिकांत पनाके या कॅटफिशबद्दल एक वाक्य हमखास भेटते. हा मासा लाकूड खातो, तेव्हा टाकीत एक ओंडका ठेवला की त्याच्या खाण्याची चिंता नाही. वाक्याचा पहिला भाग खरा आहे. आमची तक्रार आहे ती ‘तेव्हा’ या शब्दाबद्दल.

अॅमेझॉन आणि ओरिनोको नद्यांच्या खोऱ्यांतला हा मासा आपल्या चमच्यासारख्या दातांनी पाण्यात पडलेली झाडे खरवडतो. त्याचे आतडे लाकडाच्या भुग्याने भरलेले सापडते. पण भुगा सापडला म्हणून तो पचतो असे कसे म्हणता येईल? गाईच्या पोटात चारा दिवसाहून अधिक काळ आंबत राहतो, तेव्हा कुठे सूक्ष्मजीव त्यातले सेल्युलोज फोडू शकतात. डोनोव्हन जर्मन या अमेरिकी संशोधकाने २००९ साली पनाकेबाबत हेच तपासले. लाकूड चार तासांच्या आतच बाहेर पडत होते. सेल्युलोज फोडणाऱ्या विकरांचे काम अगदी क्षीण होते आणि लाकडावर ठेवलेल्या माशांचे वजन चक्क घटले! पुढे २०१२ साली या माशाच्या आतड्यातल्या जीवाणूंचा अभ्यास झाला, तेव्हा सेल्युलोज फोडणाऱ्यांचे काही सगेसोयरे तेथे आढळले. मात्र जीवाणू असणे वेगळे आणि त्यांच्या जिवावर माशाचे पोट भरणे वेगळे.

मग नदीत तो जगतो कशावर? जर्मन यांच्या मते, बुरशी आणि जीवाणूंनी आधीच कुजवलेल्या लाकडातून मिळणाऱ्या पोषणावर. आपण टाकीत ठेवतो ते लाकूड मात्र टणक, घासलेले आणि वर उकळून घेतलेले. म्हणजे खरे जेवण आपणच धुऊन टाकलेले असते.

पाणवनस्पतींनी भरलेल्या टाकीत ही चूक लवकर उमगत नाही. मासा ओंडक्याला चिकटलेला, तळाशी भुशासारख्या विष्ठेचा ढीग; पाळणाऱ्याला वाटते, स्वारी पोटभर जेवते आहे. खरे तर लाकूड न पचताच बाहेर आले, हेच तो ढीग सांगत असतो. मग रुंद पानांची खरवडून जाळी झाली की माशाला खोडकर ठरवायचे! खपाटीला गेलेले पोट तो काचेला चिकटेपर्यंत दिसतच नाही.

ओंडका काढू नये, खरवडायला तो हवाच. पण रात्री दिवा मालवल्यावर काकडी, रताळे किंवा भोपळ्याची फोड वजन बांधून तळाशी सोडावी आणि उरलेली सकाळी काढून घ्यावी. हा मासा चाळीस सेंटिमीटरच्या आसपास वाढतो, तेव्हा नाजूक मुळांची रोपे त्याच्या वाटेत लावू नयेत.