‘स्मृतिचित्रे’ : सोवळ्याकडून संवादाकडे

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली, आणि तेव्हापासून आपण तिच्यातल्या विनोदाचेच कौतुक करीत आलो. ते योग्यच आहे. पण त्या कौतुकात हे एका माणसाच्या आत्मिक पालटाचे पुस्तक आहे, ही गोष्ट मागे पडली.

हा पालट समजण्यासाठी सुरुवातीची पाने पुन्हा वाचावीत. १८५७ च्या धामधुमीत आजोबांना फाशी झाली आणि वडिलांच्या मनाने सोवळ्याचा ध्यास घेतला. बाहेरून घरात येणारी वस्तू धुऊन घेतल्याखेरीज त्यांना चैन नसे. बाई हे हसतहसत सांगतात, परंतु त्या धुण्यामागे भय आहे. तेच भय मुलीच्या वाट्याला वारसा म्हणून आले.

नारायण वामन टिळकांची वाट निराळी. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाशी बोलणे निघाले, त्याने नवा करार हाती दिला आणि १८९५ मध्ये मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. हा प्रसंग चरित्रकारांचा आवडता. तो नाट्यमय आहे, सांगायला सोपा आहे. मला मात्र बाईंचा मंद, कुरकुरत झालेला बदल अधिक मोलाचा वाटतो.

ताटातुटीनंतर त्या नवऱ्याकडे परतल्या त्या सोवळे सांभाळूनच. एका संसारात दोन धर्म नांदू लागले. टिळकांनी बळजबरी केली नाही. दोघे बोलत, भांडत, रुसत. त्यात प्रवचनाला फारशी जागा नव्हती. आणि एके दिवशी त्या एकट्याच विचार करीत बसल्या: जाती देवाने केल्या की माणसाने? उत्तर मिळताच कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे त्यांनी ठरवून टाकले. बाप्तिस्मा पुढचा, १९०० चा. म्हणजे धर्मांतराआधी भय गेले. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण ख्रिस्ती आत्मकथनांत पुष्कळदा विधी हाच कळस असतो. इथे कळस पाण्याच्या भांड्याशी आहे.

एक उणीव नोंदवायला हवी. हा निर्णायक विचार बाईंनी फार थोडक्यात उरकला आहे. घरातल्या फजित्यांना पानेच्या पाने, आणि इथे हात आखडता! कदाचित अंतर्मुख लेखनाची सवय नसल्यामुळे असेल. कदाचित बोलण्यातून उलगडलेली गोष्ट एकटेपणात लिहिणे त्यांना कृत्रिम वाटले असेल. मला दुसरे कारण पटते, कारण पुस्तकाचा सगळा बाज समोर बसलेल्याला सांगण्याचा आहे.

टिळकांनाही हे घरातले शिक्षण लागू पडले असावे. तुकोबांच्या अभंगांवर वाढलेल्या या कवीला मिशनच्या चौकटीत अवघडल्यासारखे होई. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला, तेव्हा त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती.