परिचारिकांचा आत्मविश्वास आणि कार्यदक्षता : एका मापनपद्धतीची चिकित्सा

परिचारिकेचा स्वतःच्या कुवतीवरील विश्वास आणि तिची कार्यदक्षता यांच्या परस्परसंबंधाचे अभ्यास अलीकडे विपुल झाले आहेत. विश्वास अधिक तर काम सरस, हा त्यांचा बहुधा ठरलेला निष्कर्ष होय. तो खोटा आहे असे नव्हे. परंतु ज्या मापनावर तो उभारला जातो, त्यास हा भार पेलतो काय, हे पाहणे अगत्याचे आहे.

आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली मांडलेली स्वक्षमतेची कल्पना सर्वसाधारण आत्मविश्वासाहून भिन्न आहे. विशिष्ट परिस्थितीत विशिष्ट कृती आपणांस साधेल, ही ती धारणा होय. आणि प्रत्यक्ष यशाचा अनुभव हा तिचा सर्वांत बलवान उगम होय. स्टायकोविच व लुथान्स यांनी १९९८ मध्ये ११४ अभ्यासांचे एकत्र विश्लेषण केले, तेव्हा कार्याशी तिचा सरासरी सहसंबंध ०.३८ आढळला, पण काम जितके गुंतागुंतीचे, तितका तो क्षीण होत गेला. सिट्झमन व येओ यांच्या २०१३ च्या विश्लेषणात एकाच व्यक्तीच्या क्रमवार कामगिरीचा विचार आहे. तेथे आधीच्या कार्याचा नंतरच्या विश्वासाशी संबंध ०.४०, तर विश्वासाचा पुढील कार्याशी केवळ ०.२३ दिसतो. यास्तव विश्वास हे कार्याचे कारण मानण्यापूर्वी तो कार्याचे फळ तर नाही ना, हे तपासले पाहिजे.

या अभ्यासांतील मोठा दोष असा की, पुष्कळदा एकच परिचारिका दोन्ही प्रश्नावल्या भरते. स्वतःविषयी अनुकूल मत असणारी व्यक्ती दोहोंतही अधिक गुण घेणार, हे उघडच आहे.

शिवाय, स्थळ बदलले की कृतीही बदलते. शहादा तालुक्यातील पुरुषोत्तमनगर हा साखर कारखान्याचा, सपाटीचा परिसर. उत्तरेस धडगावचा सातपुडा. शासकीय निकषानुसार सपाटीवर ५,००० लोकसंख्येस, तर डोंगरी व आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येस एक आरोग्य उपकेंद्र असावे. सपाटीवर निर्धास्तपणे बाळंतपण करणारी परिचारिका डोंगरातील पाड्यावर, भिली वा पावरी बोलणाऱ्या मातेपुढे, रुग्णालय दूर असता, तितकीच निःशंक असेल काय? दोन्ही ठिकाणी एकच प्रश्नावली वापरल्यास येणाऱ्या सरासरीतून हा भेद नाहीसा होतो.

मापनाची निराळी दिशा गडचिरोलीत दिसते. डॉ. अभय व राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३९ गावांत खेड्यांतील स्त्रियांना नवजात बालकांच्या शुश्रूषेचे शिक्षण दिले. या स्त्रिया परिचारिका नव्हत्या. परंतु १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाची कसोटी त्यांच्या स्वतःविषयीच्या मतावर नव्हे, तर बालमृत्यूंच्या नोंदीवर ठेवलेली होती. आणि तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले.

हा भेद केवळ पद्धतिशास्त्राचा नाही. विश्वासामुळेच काम सुधारते असे प्रशासनाने मानले, तर व्याख्याने देऊन भागेल. सराव, साधने आणि पुरेसे मनुष्यबळ मात्र मागे राहील, आणि उणिवेचे खापर परिचारिकेच्या मनावर फुटेल. म्हणून नंदुरबारसारख्या जिल्ह्यात असा अभ्यास हाती घेणाऱ्याने प्रत्येक कृतीविषयीचा विश्वास स्वतंत्रपणे विचारावा, कार्य त्रयस्थाने निरीक्षून नोंदवावे आणि दोन्ही मापने कालांतराने पुन्हा घ्यावीत. तोवर सहसंबंधास कार्यकारणभाव म्हणणे सयुक्तिक ठरणार नाही.