'भीमायन' : ओळखीचे रेखाटन आणि अध्यापन

अस्मिताविषयक बालवाङ्मयाची चर्चा बहुधा आशयाभोवतीच घुटमळते. नायक कोण, त्याच्यावर कोणता अन्याय झाला, बोध काय, एवढे विचारले की समीक्षेचे काम संपते. चित्रपुस्तक आणि चित्रकादंबरी यांना हे निकष अपुरे पडतात. कारण तेथे पात्राची ओळख सांगितली जाण्यापूर्वीच रेखाटली गेलेली असते. डोळ्यांना न दिसणारी जात रेखाटायची कशी, हा प्रश्न तंत्राइतकाच नैतिकही आहे. दुर्गाबाई व सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांचे 'भीमायन' (नवयान, 2011, संहिता : श्रीविद्या नटराजन व एस. आनंद) याच प्रश्नाच्या संदर्भात तपासले पाहिजे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनातील 1901 चा प्रसंग या पुस्तकाचा एक आधार आहे. वडिलांकडे गोरेगावला निघालेली मुले मसूर स्थानकावर उतरतात. नीटस पोशाखामुळे स्टेशनमास्तर त्यांना ब्राह्मणांची मुले समजतो. 'महार' हे उत्तर ऐकताच त्याचा चेहरा पालटतो. दुप्पट भाडे देऊनही बैलगाडी मुलांनाच हाकावी लागते. टोलनाक्यावर मुसलमान असल्याची बतावणी करूनही पाणी मिळत नाही. देह तोच, पोशाख तोच; एका शब्दाने जगातील स्थान मात्र बदलते.

व्यामांची चित्रभाषा हे मर्म नेमके पकडते. पात्रांचे चेहरे गोंड शैलीच्या एकाच घडणीचे आहेत. भेद उमटतो तो संवादफुग्यांत. सौम्य वाणीचे फुगे पक्ष्याच्या आकाराचे, तर डंख करणाऱ्या वाणीच्या फुग्यांना विंचवाची नांगी. जात देहात वसत नाही, ती उच्चारातून लादली जाते, हे विधान येथे आकारच करतो. अमर चित्र कथेने 1979 मध्ये आंबेडकरचरित्र प्रसिद्ध केले, ते चौकटींच्या क्रमाने पुढे सरकणारे. व्यामांनी चौकट नाकारून भिंती-अंगणावरील दिग्नाच्या वळणांनी पान विभागले. कोंडले जाण्याची कथा कोंडणाऱ्या आकृतिबंधात न सांगण्याचा हा निर्णय आहे.

संहितेला मात्र चित्रांवर तेवढा विश्वास ठेवता आलेला नाही. बसथांब्यावर आरक्षणाविषयी तक्रार करणारा तरुण आणि त्याला समजावणारी तरुणी, ही निवेदनाची चौकट वाचकाने काढावयाचा निष्कर्ष आधीच हाती ठेवते. चित्रांनी मोडलेली चौकट संवादातून परत येते.

अध्यापनाची दिशा या विसंगतीतूनच सापडते. इंदापूर तालुक्यातील कळंबसारख्या गावच्या वर्गात हे पुस्तक न्यायचे, तर त्याची इंग्रजी संहिता शिक्षकाला मराठीत सांगावी लागेल. त्या सांगण्यात बोध पुढे आला, तर वर्गातील एखादे मूल 'उदाहरण' बनते आणि स्टेशनमास्तरचा प्रश्न नकळत शिक्षकाच्या तोंडी येतो. त्याऐवजी कोणाच्या बोलण्याला नांगी आहे आणि ती कोठून आली, असे विचारले, तर ओळख सांगण्याची सक्ती कोणावरच राहत नाही. तपासली जाते ती बोलणाऱ्याची भाषा. चित्रवाचनाचे हे शिक्षण साक्षरतेइतकेच मूलभूत मानावे लागेल.