कोळीगीतांतील समुद्र आणि बदलता किनारा : साष्टी बेटाच्या संदर्भात

प्रस्तावना

मुंबई उपनगर जिल्ह्याचा बहुतांश भाग साष्टी बेटावर वसलेला आहे. १८४५ मध्ये माहीम कॉजवे खुला झाला, पुढे लोहमार्ग आले आणि उपनगरवासीयांच्या मनातून बेटपणाची जाणीव हळूहळू लोपली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तिचे कठोर स्मरण झाले. अंधेरीलगतचे वेसावे तसेच मढ, मनोरी व गोराई येथील कोळी आणि ईस्ट इंडियन समाजांनी मात्र समुद्राचे भान आपल्या गाण्यांतून जपले. हवामानबदलाच्या काळात या गीतपरंपरेचे जतन म्हणजे नेमके कशाचे जतन, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ध्वनिमुद्रित कोळीगीत : सामर्थ्य व मर्यादा

शान्ता शेळके यांची शब्दरचना आणि हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत यांमुळे कोळीगीताला साहित्यिक प्रतिष्ठा लाभली. ‘वेसावकर आणि मंडळी’ यांच्या ध्वनिफितींनी कोळीवाड्याचा स्वतःचा आवाज घरोघरी पोहोचविला. ‘ळ’चा ‘ल’ आणि ‘ण’चा ‘न’ करणारी बोली त्यांत संकोच न करता गायली गेली. प्रमाणभाषेच्या दडपणाच्या काळात हे कार्य लहान नव्हे.

तथापि या लोकप्रिय गीतांतील समुद्र बहुतांशी एकाच साच्याचा आहे. तो नारळ स्वीकारून शांत होणारा देव असतो किंवा प्रेमाची पार्श्वभूमी असतो. वादळ आलेच तर ते प्रसंगाची उत्कटता वाढविण्यापुरते येते. प्रत्यक्षातील समुद्र आता तसा राहिलेला नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०२१ मध्ये मांडलेल्या निष्कर्षानुसार, २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या त्याआधीच्या १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढली. जून २०२० मधील ‘निसर्ग’ आणि मे २०२१ मधील ‘तौक्ते’ ही वादळे किनाऱ्याने अनुभवली. धोक्याची सूचना मिळताच होड्या बंदरातच थांबतात. अवकाळी पावसाने वलांडीवर वाळत घातलेले बोंबील भिजतात आणि प्रामुख्याने स्त्रियांच्या हातची कमाई जाते. या अनुभवाचे पडसाद लोकप्रिय कोळीगीतात क्वचितच उमटतात.

प्रसंगाशी बांधलेले गीत

ध्वनिफितीच्या बाहेर राहिलेली परंपरा अधिक जुनी आहे. कोळी व आगरी विवाहांत धवलारीण धवले गाते. देवांना आवाहन, हळद, मांडव अशा विधींच्या क्रमाने गाणे पुढे सरकते. तेराव्या शतकातील महदंबेच्या धवळ्यांशी नाते सांगणारा हा प्रकार तीन-चार मिनिटांच्या ध्वनिमुद्रणात मावत नाही. ईस्ट इंडियन विवाहातील ‘उंबराचं पाणी’ या विधीत वाजतगाजत विहिरीवर जाऊन पाणी आणले जाते. विहीर बुजली, तर गाण्याचे शब्द उरतील. परंतु ते गाण्याचे कारण उरणार नाही.

नारळी पौर्णिमेचेही असेच आहे. श्रावणातील ही तिथी पावसाळ्यानंतरच्या मासेमारीचा आरंभ मानली जाते. पश्चिम किनाऱ्यावरील शासकीय मासेमारीबंदी मात्र साधारणतः १ जून ते ३१ जुलै अशी दिनांकाने ठरते. त्यातच समुद्राचा स्वभाव अनिश्चित होत गेला, तर सण, ऋतू आणि श्रम यांची सांगड आणखी सैल होईल.

निष्कर्ष

केवळ चाल व शब्द साठवून ठेवणे हे अपुरे जतन होय. रंगमंचावरील आनंदी कोळीगीत तेवढेच टिकले, तर किनारा नष्ट झाल्यानंतरही कोळीवाडा सुखात असल्याची साक्ष ते देत राहील. म्हणून गीतांचे संकलन करताना ते कोणी, कोणत्या महिन्यात, कोणत्या कामाच्या वा विधीच्या वेळी आणि कोणत्या जागी गायले, याची नोंद आवश्यक आहे. उपनगरांतील महाविद्यालयांच्या मराठी विभागांना हे कार्य सहज हाती घेता येईल. मासळी वाळविण्याची मैदाने, विहिरी आणि बंदरे यांचे रक्षण हा या जतनाचाच भाग मानावा लागेल. तसेच भिजलेल्या बोंबलाचे व बंदरात अडकलेल्या होडीचे गाणे कोळीवाड्यातून उमटले, तर ते परंपरेचे विकृतीकरण नसून तिच्या जिवंतपणाचे लक्षण ठरेल.