रोहिणीचे पाणी

उमरठ म्हटले की आपल्याला तानाजी मालुसरे आठवतात, आणि ते योग्यच आहे. परंतु उमरठहून खाली पोलादपूर, महाडपर्यंतचा हा मुलूख आणखीही एका गोष्टीसाठी ध्यानात राहतो. येथे श्रावणात पाऊस माणसाला घराबाहेर पडू देत नाही आणि वैशाखात बायाबापड्या हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरतात. या मुलखात वाचावे असे बुद्धचरित्र कोणते, असे कोणी विचारले तर मी डॉ. आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे नाव घेईन. मूळ इंग्रजी ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, 1957 साली निघाला.

सिद्धार्थाने घर का सोडले? म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून, हे उत्तर आपण शाळेपासून पाठ केले आहे. एकोणतिसाव्या वर्षापर्यंत या माणसाला म्हातारा दिसलाच नव्हता काय, असा सरळ प्रश्न आंबेडकर प्रस्तावनेतच टाकतात. त्यांच्याही आधी धर्मानंद कोसंबींनी ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात ही दंतकथा बाजूला सारून जुन्या पाली सुत्तांकडे बोट दाखविले होते. थोड्या पाण्यात तडफडणाऱ्या माशांसारखी माणसे एकमेकांशी भांडताना पाहून मनात भय शिरले, असे तेथे बुद्धच सांगतो.

आंबेडकरांनी या धाग्याचे एक संपूर्ण प्रकरण केले. शाक्य आणि कोलिय यांच्या मधून रोहिणी नदी वाहते. शेतीला पाणी आधी कोणी घ्यायचे यावरून मारामारी होते आणि शाक्यांचा सेनापती युद्धाचा ठराव आणतो. सिद्धार्थ म्हणतो, दोन पंच आपले, दोन त्यांचे, आणि त्या चौघांनी निवडलेला पाचवा; त्यांनी निवाडा करावा. मते पडतात आणि सिद्धार्थ हरतो. सैन्यात यायचे नसेल तर फाशी किंवा देशत्याग, नाहीतर कुटुंबावर बहिष्कार आणि जमिनीची जप्ती. तो देशत्याग पत्करतो.

पंडित येथे हरकत घेतील, आणि ती खोटी नाही. पाली अट्ठकथेत रोहिणीचे भांडण बुद्धत्वप्राप्तीनंतरचे आहे; तेथे बुद्ध येऊन ते मिटवितो. आंबेडकरांनी ते मागे आणले. इतिहास म्हणून हे शंकास्पदच आहे. चरित्र म्हणून मात्र सारा रंग त्यामुळे पालटतो. अट्ठकथेतला बुद्ध येतो तो जिंकण्यासाठीच. इथला तरुण बहुमतापुढे एकटा उभा आहे.

हे प्रकरण लिहिणाऱ्या हाताने 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी उचलले होते, हे महाडकडचा वाचक कसे विसरेल? त्याच डिसेंबरात कोर्टाचा मनाईहुकूम आला. परिषदेला जमलेले लोक पुन्हा तळ्यावर जायला उतावीळ होते, आणि आंबेडकरांनीच त्यांना आवरले. सिद्धार्थाचे सभेने ऐकले नाही, आंबेडकरांचे ऐकले. तळ्याचा खटला 1937 साली मुंबई हायकोर्टात संपला, तो अस्पृश्यांच्या बाजूने. ग्रंथात महाडचे नाव या जागी नाही. हा संबंध मी जोडतो आहे, त्याचा दोष माझ्याकडे.

निरोपाचा प्रसंग तर घरोघरी वाचावा असा आहे. मध्यरात्री झोपलेल्या बायकोमुलाला टाकून जाणारा राजपुत्र चित्रांतून आपल्या भिंतींवर टांगला गेला. यशोधरेचे काय, हे कोणी विचारले नाही. इथे सिद्धार्थ दिवसाढवळ्या सांगून जातो. यशोधरा म्हणते की तुमच्या जागी मी असते तर दुसरे काय केले असते. राहुलला सांभाळायचे नसते तर मीही प्रव्रज्या घेतली असती. माझी तक्रार एवढीच, की ती फार लवकर सावरते. सभेतली वादावादी लिहिताना लेखणी जशी रमली, तशी येथे थोडी रेंगाळायला हवी होती.

महाडच्या शिवेवर पाल्याच्या डोंगरात सुमारे तीस बौद्ध लेणी आहेत. त्यांतल्या एका ब्राह्मी लेखात विष्णुपालित नावाच्या राजकुमाराने दिलेल्या दानाची यादी आहे. लेणे, चैत्यगृह, आठ खोल्या यांच्यासोबत लेण्याच्या दोन्ही बाजूंना दोन पाण्याच्या पोढी आणि वर यायला वाट, एवढे त्यात कोरलेले आहे.