शुद्ध वंशाची किंमत

जेमायमा हॅरिसन यांचा ‘पेडिग्री डॉग्ज एक्स्पोज्ड’ हा माहितीपट बीबीसीने १९ ऑगस्ट २००८ रोजी दाखवला. ब्रिटनमधील अस्सल जातीच्या कुत्र्यांची पैदास हा त्याचा विषय. त्यानंतर २००९ पासून बीबीसीने ‘क्रफ्ट्स’ या प्रसिद्ध श्वानप्रदर्शनाचे प्रक्षेपण थांबवले. तेथील केनेल क्लबनेही पालक-अपत्य किंवा सख्खी भावंडे यांच्या मीलनातून झालेल्या पिलांची नोंदणी बंद केली. एवढा परिणाम घडवणारे माहितीपट विरळाच.

माहितीपटाचे बळ त्यातील दृश्यांत आहे. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल या जातीत कवटी मेंदूला अपुरी पडते, मज्जारज्जूत द्रवाने भरलेल्या पोकळ्या तयार होतात आणि कुत्रे वेदनेने विव्हळते. या रोगाचे निदान झालेल्या एका विजेत्या नरापासून पुढेही पिले घेतली गेली, हे पाहून राग येतो आणि तो योग्यच आहे. पण पैदासकारांनी प्रामाणिकपणे चाचण्या केल्या की प्रश्न मिटला, असा समज करून घेऊन प्रेक्षक उठण्याची शक्यता आहे. येथे आम्हाला हा माहितीपट अपुरा वाटतो.

लॅब्राडॉरमध्ये दृष्टिपटलाचा एक आनुवंशिक रोग आढळतो. त्याने कुत्रे हळूहळू आंधळे होते. रोगाचे जनुक अप्रभावी आहे. दोन वाहकांच्या मीलनातून सरासरी चारांत एक पिलू रोगी निघते. वाहक आणि निर्दोष यांच्या मीलनातून एकही नाही. म्हणजे चाचणीचा खरा उपयोग जोडी ठरवण्यासाठी आहे. सरसकट सगळे वाहक बाद केले, तर त्यांची चांगली जनुकेही जातात, जात आणखी आकसते आणि दुसरे एखादे लपलेले सदोष जनुक डोके वर काढते. कॅव्हेलियरच्या रोगात तर अनेक जनुकांचा हात असतो. तेथे एका जनुकाची चाचणी पुरत नाही, एमआरआय करावे लागते.

डाल्मेशियनची गोष्ट याहून बोलकी आहे. शुद्ध डाल्मेशियनमध्ये यूरिक आम्लाशी संबंधित एका जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असतात, त्यामुळे मूतखड्यांचा धोका असतो. सगळेच सदोष, तर चाचणी करून निवडणार कोणाला? अमेरिकेतील जनुकशास्त्रज्ञ रॉबर्ट शायबल यांनी १९७३ मध्ये एका पॉइंटरशी संकर करून निर्दोष जनुक या जातीत आणले. ते प्रभावी असल्याने एक प्रतही पुरते. पुढच्या पिढ्या त्यांनी पुन्हा डाल्मेशियनशीच जुळवल्या. २००८ मध्ये हे जनुक नेमके ओळखले गेले आणि मग चाचणी कामाची ठरली. अमेरिकन केनेल क्लबने या वंशासाठी नोंदणीचे दार उघडायला मात्र २०११ साल उजाडले.

शिक्षकांनी हा माहितीपट वरच्या वर्गांना जरूर दाखवावा. नंतर फळ्यावर दोन वाहकांची पनेट चौकट काढून विचारावे: वाहक कुत्रा पैदाशीतून काढून टाकावा का? ‘हो’ म्हणणाऱ्यांना डाल्मेशियनची गोष्ट सांगावी. वंश शुद्ध राखण्याच्या हट्टापायी निवडीला वावच उरला नाही, तर चाचणी केवळ रोगाची नोंद करते.