शॉकमधील बालके व द्रवोपचार : ‘फीस्ट’ चाचणीची चिकित्सा

वैद्यकीय परिभाषेत ‘शॉक’ म्हणजे मनाला बसलेला धक्का नव्हे, तर अवयवांना पुरेसा रक्तपुरवठा न होण्याची प्राणघातक अवस्था होय. अशा बालकास शिरेवाटे झपाट्याने सलाईन द्यावे, हा नियम दीर्घकाळ निर्विवाद मानला गेला. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या, अवघ्या ३४ बालकांच्या अभ्यासाने त्यास बळ दिले होते. या नियमाची खरी कसोटी युगांडा, केनिया व टांझानियातील सहा रुग्णालयांत झालेल्या ‘फीस्ट’ चाचणीत लागली.

ताप व मंदावलेले रक्ताभिसरण असलेल्या ३,१४१ बालकांचे तीन गट करण्यात आले. पहिल्या गटास सलाईन व दुसऱ्यास अल्ब्युमिन झपाट्याने दिले. तिसऱ्यास केवळ नित्य गरजेपुरते द्रव दिले. ४८ तासांतील मृत्यूंचे प्रमाण अनुक्रमे १०.५, १०.६ व ७.३ टक्के आढळले. परिणामी जानेवारी २०११ मध्ये नवीन बालकांची भरती थांबविण्यात आली.

या निष्कर्षांवर दोन प्रमुख आक्षेप घेतले गेले. पहिला, शॉकची व्याख्या सैल होती. रक्ताभिसरणाचे एक लक्षणही पुरेसे मानले गेले. हा आक्षेप अंशतः ग्राह्य आहे. तथापि जागतिक आरोग्य संघटनेच्या कठोर निकषांत बसणाऱ्या ६५ बालकांतही झपाट्याने द्रव दिलेल्यांपैकी ४८ टक्के, तर न दिलेल्यांपैकी २० टक्के दगावली. संख्या अल्प असल्याने हा स्वतंत्र पुरावा ठरत नाही. परंतु निष्कर्षाची दिशा बदलत नाही. दुसरा आक्षेप, तेथे कृत्रिम श्वसनयंत्रे व अतिदक्षता विभाग नव्हते. वस्तुतः हा चाचणीचा दोष नसून तिचे प्रयोजन होय. कारण अशा साधनांविनाच असंख्य बालकांवर उपचार होतात.

चाचणीच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्या लागतात. अतिसार, तीव्र कुपोषण, भाजणे व इजा यांनी ग्रस्त बालके तीतून वगळलेली होती. त्यामुळे अतिसाराने शुष्क झालेल्या बालकास द्रव नाकारणे हा तिचा विपर्यास ठरेल.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये मार्गदर्शिका बदलली. एक-दोनच लक्षणे असल्यास झपाट्याने द्रव देऊ नये, असे तिने सांगितले. मात्र तिन्ही लक्षणे असल्यास ते अधिक सावकाश द्यावे, ही शिफारस कायम ठेवली. उपरोक्त ६५ बालकांची आकडेवारी पाहता या शिफारशीचा आधार दुर्बलच राहतो. सारांश, उपचाराची तर्कसंगती हा त्याच्या हिताचा पुरावा नव्हे, आणि तो कोठे दिला जातो याचा विचार केल्यावाचून त्याचे मूल्यमापन पूर्ण होत नाही.